व्हय म्हाराजा, पण गाऱ्हाणं कुणाचं?

आमच्या गावच्या तंटामुक्त समितीत मी चार वर्षं होतो. गाव देवगड तालुक्यातलं. नाव सांगत नाही आणि ओळखू येतील अशा खुणाही बदलल्या आहेत, कारण ज्या बाईबद्दल लिहितोय ती अजून तिथेच नांदते.

ती आमच्यापुढे एकदाच आली. पावसाळी मासेमारी बंदीचे दिवस, होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या, माणसं घरी. संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. आम्ही नऊ जण, त्यात बायका दोन, आणि त्यांतली एक सबंध वेळ बोललीच नाही. नवऱ्याने चूक कबूल केली. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर ‘यापुढे पत्नीस मारहाण करणार नाही’ असं लिहून सही केली. मग आम्ही तिलाही चार शब्द सांगितले. जरा सबुरीने घे, तो आला की लगेच तोंड सोडू नकोस, माणूस दमून येतो. बंदीच्या दिवसांत तो कशाने दमत होता हे कुणी विचारलं नाही. चहा झाला. रजिस्टरात मी माझ्याच अक्षरात लिहिलं: तंटा मिटला.

त्यानंतर तिने कधी तक्रार केली नाही. हे आम्ही यश समजलो.

खरं काय झालं ते कितीतरी वर्षांनी माझ्या बायकोकडून कळलं. चारचौघांत उभं केलंस म्हणून त्याच रात्री त्याने तिला मारलं होतं. या खेपेला टीव्ही मोठा लावून. वाडीतल्या बायकांना ते दुसऱ्या दिवशी विहिरीवर कळलं होतं, समितीतल्या आम्हा पुरुषांना बारा वर्षांनी.

घरातल्या मारहाणीत गावाने पडावं की पडू नये, असा वाद अधूनमधून होतो. मला तो वाद खोटा वाटतो, कारण गाव पडतंच. लग्न जमवताना पडतं, बाई माहेरी गेली तर तिला परत आणताना पडतं, काडीमोडाची भाषा निघाली तर हमखास पडतं. प्रश्न एवढाच आहे की कुठल्या भूमिकेत. माझं म्हणणं असं की पंचाची जागा वाडीने सोडावी आणि साक्षीदाराची, सोबतीणीची घ्यावी. न्याय करायचं काम आपलं नाही. तिला जिथे न्याय मिळू शकतो तिथवर सुखरूप पोचवण्याचं काम मात्र आपलंच आहे, कारण ते दुसरं कुणी करू शकत नाही.

आपल्याकडे एक म्हण आहे: नवऱ्याने मारलं आणि पावसाने झोडपलं, तर दाद कुणाकडे मागायची? म्हण सगळ्या महाराष्ट्राची आहे, पण कोकणात ती अर्धी खोटी ठरते. पावसाने झोडपल्यावर काय करायचं हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या अंगावर आलं, तेव्हा लोकांनी एकमेकांच्या छपरांवरचे माड बाजूला केले, गावकऱ्यांच्या मुंबईतल्या मंडळांनी छपरासाठी पत्रे पाठवले. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा आसपासच्या तालुक्यांतून माणसं फावडी घेऊन चिखल काढायला गेली. हे तुमचं घर, तुमचा पाऊस, असं कुणी म्हटलं नाही. म्हणजे सहकार्य आम्हाला शिकवावं लागत नाही. फक्त म्हणीच्या पहिल्या अर्ध्यापाशी आलो की आमची जीभ वेगळी वळते: ‘तेंच्या घरातला भांडाण, आपणाक काय करूचा?’

भांडण हा शब्दच मुळात फसवा. भांडणाला दोन बाजू लागतात. भिंतीवर आपटलेल्या डोक्याला दुसरी बाजू कुठली?

२०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी २५.२ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. चारातली एक. त्याच सर्वेक्षणातला देशपातळीवरचा दुसरा आकडा मला जास्त छळतो: शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी सुमारे ७७ टक्के जणींनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. मदत मागणाऱ्या १४ टक्के. त्याही बहुतेक आपल्याच माणसांकडे जातात, पोलिसांकडे फार थोड्या. तेव्हा चांगले कायदे आणि चांगले अधिकारी हवेतच, पण बाईच्या वाटेवर पहिलं दार लागतं ते शेजारणीचं. त्या दारात काय होतं यावर पुढचं सगळं ठरतं.

आता तंटामुक्तीबद्दल. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. बांधाची भांडणं, वाटेची भांडणं, आंब्याच्या फांदीवरून चाललेले पिढीजात दावे यांच्यासाठी ती मोहीम चांगलीच होती, आणि कोकणात असे दावे किती हे सांगायला नको. पण बक्षिसासाठी गुण होते, आणि मिटवलेल्या तंट्यांना गुण होते. बांध आणि बाई एकाच रजिस्टरात आल्या. बांधाच्या तंट्यात दोघांनी हातभर मागे सरणं हा न्याय असू शकतो. मारहाणीत बाईने कुठे मागे सरायचं? चुलीपर्यंत? आमच्या समितीत कुणी वाईट माणूस नव्हता. आम्हाला मोजायला सांगितलं होतं ते आम्ही मोजलं. ती सुरक्षित आहे का, हा रकानाच नव्हता.

कायद्यात तो रकाना आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. वीस वर्षं होत आली, तरी गावात त्याच्याविषयी दोनच गोष्टी माहीत असतात: बायका नवऱ्याला तुरुंगात टाकतात, आणि घर फुटतं. दोन्ही गैरसमज. हा कायदा मुळात दिवाणी स्वरूपाचा दिलासा देतो. मारू नकोस असा आदेश, घरात राहू दे असा आदेश, खर्चाला पैसे दे असा आदेश. तो मोडला तर मग एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मला आजवर भेटलेल्या बहुतेक बायका जे मागतात ते हेच: ‘माका संसार मोडूचो नाय, मार तेवढो थांबाक होयो.’ कायदा लिहिणाऱ्यांनी हे वाक्य ऐकलं होतं असं वाटावं इतका तो तिच्या बाजूचा आहे.

त्यातही कोकणासाठी सतरावं कलम सोन्यासारखं. आपल्याकडे घर एकाच्या नावावर असणं दुर्मीळ. सातबाऱ्यावर पणजोबा, असेसमेंटवर मोठे काका, वारस नोंद चाळीस वर्षं रखडलेली. सुनेला बाहेर काढताना हमखास सांगतात, घर तुझ्या घोवाच्या नावावरच नाही, तुझा हक्क कसला? कायदा म्हणतो, ज्या सामायिक घरात ती नांदली तिथे राहण्याचा तिला हक्क आहे, मालकी असो वा नसो. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केलं. आणि माहेरी येऊन राहिली असेल तर तिथल्या तालुक्याच्या न्यायालयातही तिला अर्ज करता येतो. वकिलाचा खर्च नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही.

आणि शेजाऱ्यांसाठी चौथं कलम. हिंसा झाली, होते आहे किंवा होईल असं ज्याला वाटतं असा कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकतो, आणि सद्हेतूने कळवणाऱ्यावर ना दिवाणी दावा होऊ शकत, ना फौजदारी. ‘उद्या आमच्यावरच उलटलं तर?’ या वाडीतल्या सगळ्यात मोठ्या भीतीला कायद्यानेच उत्तर देऊन ठेवलंय. समितीत असताना मला हे कलम माहीत नव्हतं. पोलीस पाटलांनाही नव्हतं.

मग वाडीने नेमकं काय करायचं? इथे मला आमच्या गाऱ्हाण्याची आठवण होते. शिमग्याला, जत्रेला गावकार देवापुढे उभा राहून ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरुवात करतो, कुणाकुणाची संकटं सांगतो, आणि मागे उभे असलेले सगळे एका सुरात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ मराठीत इतरत्र गाऱ्हाणं म्हणजे एकट्याची तक्रार. कोकणात ती सगळ्यांनी मिळून करायची गोष्ट आहे. मागे उभा राहणारा निवाडा देत नाही. फक्त म्हणतो, हो, हे असं आहे. साक्षीदार म्हणतो मी तो याच अर्थाने.

शेजारणीने रात्री दार वाजवून विरजण मागावं. वाद घालू नये, शहाणपण शिकवू नये, दार उघडायला लावावं. एवढ्याने हात थांबतो, कारण मारणाऱ्याला सगळ्यात जास्त नकोसं असतं ते बघणारं माणूस. दुसऱ्या दिवशी काय पाहिलं ते तारीख घालून वहीत लिहून ठेवावं. ती बाई सहा महिन्यांनी कुणाकडे गेली तर ही वही तिच्या कामी येईल. आशाताईला जखम दिसते, तीही सगळ्यांच्या आधी. ‘न्हाणीत घसरले’ हे वाक्य तिने किती वेळा ऐकलेलं असतं! प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी त्या वाक्यापाशी थांबू नये, जखम कशाने झाली हे एकटीला विचारून केसपेपरवर लिहावं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं ते याच विचाराने, की मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्यात जाण्याआधी दवाखान्यात येते. त्याच्याही आधी, १९८४ पासून, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारात समाजसेविका बसवल्या. तो विशेष कक्षाचा प्रयोग पुढे राज्यभर पसरला. म्हणजे एकत्र येऊन करण्याची ही रीत महाराष्ट्राला परकी नाही. फक्त ती तालुक्याच्या ठाण्यात थांबते, आणि आमच्या वाड्या तिथून वीस-पंचवीस किलोमीटर आत, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढल्याशिवाय मोबाईलला रेंज नाही अशा ठिकाणी असतात. १८१ किंवा ११२ फिरवायला सांगणं सोपं आहे. रात्री अकरा वाजता फोन घेऊन सडा चढणारी बाई कुठे निघाली हे सासूला कळत नाही का?

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात सुपीरियर सरोवराच्या काठी डुलुथ नावाचं बंदर आहे. तिथे १९८१ पासून पोलीस, न्यायालय आणि बायकांना आसरा देणाऱ्या संस्था एकाच नियमाने वागू लागल्या. तिथल्या मारकुट्या नवऱ्यांसाठीच्या वर्गांवर पुढे बरीच टीका झाली, ती रास्तही असेल. पण मूळ सूत्र पक्कं आहे: मारणाऱ्याला जाब विचारण्याचं ओझं मार खाणारीच्या डोक्यावर ठेवायचं नाही. आमच्या बैठकीत आम्ही नेमकं तेच तिच्या डोक्यावर ठेवलं होतं. तिला त्याच्या समोर बसवून विचारलं, सांग, काय काय केलं याने? आणि मग त्याच्याबरोबरच त्याच घरी पाठवलं.

मुंबईच्या मंडळांविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण कोकणातली अर्धी कुटुंबं दोन ठिकाणी नांदतात. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हे काही मुलींच्या लाडामुळे नव्हे, कमावते पुरुष बाहेर गेल्यामुळे. नवरा नालासोपाऱ्यात नाहीतर दिव्याला, बायको गावी सासू-सासऱ्यांकडे. इथली हिंसा कधी हाताने होते, कधी पैसे न पाठवून, कधी रोज रात्री फोनवरून. पैसे अडवणं ही आर्थिक हिंसा, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. अर्ज झाल्यावर पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असंही लिहिलेलं आहे. पण नोटीसच लागू होत नाही. खोली बदलली, पत्ता सापडत नाही, म्हणून तारखांवर तारखा. आणि गणपतीच्या वर्गणीची पावती मात्र त्याच माणसाला त्याच खोलीवर बिनचूक पोचते! मंडळाच्या वहीत त्याचा पत्ता असतो, कामाची जागा असते, नवा मोबाईल नंबर असतो. मंडळांना काही मोठं करायचं नाही. संरक्षण अधिकाऱ्याने विचारलं तर खरा पत्ता द्यायचा. आज बहुतेक मंडळं ‘गावाची इज्जत’ म्हणून तो लपवतात, आणि चार मोठी माणसं गावी येऊन तिला अर्ज मागे घ्यायला सांगतात. यालाही आम्ही सहकार्यच म्हणतो.

इथे एक मोह होतो, मलाही झाला होता. गावाकडे एवढी ताकद आहे ना, मग मारकुट्याला वाळीत टाका. देवळात मान नाही, लग्नाचं बोलावणं नाही, आपोआप सुधारेल. नको. एक तर तो गुन्हा आहे. रायगड जिल्ह्यातल्या वाळीत टाकण्याच्या प्रकरणांचा गाजावाजा झाल्यावर राज्याने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, जुलै २०१७ पासून तो लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. दुसरं, वाळीत माणूस पडत नाही, घर पडतं. दुकानात साखर नाकारली जाते ती तिला, शाळेत एकटा बसतो तो तिचा मुलगा. आणि तिसरं कारण जुनं आहे. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं, तेव्हा दापोलीजवळच्या मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या गावासाठी त्यांनी मुरूड फंड उभा केला होता, त्याच गावाने. गावाच्या हातात हे हत्यार राहिलं तर ते फिरून बाईवरच येतं, कधी तिने जातीबाहेर लग्न केलं म्हणून, कधी तिने गावाचं नाव कोर्टात नेलं म्हणून. पंचाची जागा सोडा म्हणतो ती एवढ्याचसाठी. आज आपल्या बाजूने निकाल देणारा पंच उद्याही पंचच असतो.

दारूचं म्हणाल तर आडवी बाटली जरूर करावी, म्हणजे मतदानाने दुकान बंद करावं. गोव्याची दारू कुठल्या वाटेने येते हेही सगळ्यांना माहीत आहे. पण दारूने माणूस मारकुटा होतो हे मला पटत नाही. कितीही प्यायलेला खलाशी तांडेलावर, होडीच्या प्रमुखावर, हात टाकत नाही. कुणावर हात टाकला तर चालतो, याची शुद्ध त्याला असते.

खोट्या केसेसचा मुद्दा हटकून निघतो. अटकेच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच पोलिसांना बंधनं घातली आहेत, आणि २००५ च्या कायद्यात अटक ही पहिली पायरी नाहीच. शिवाय वाडीत खरं-खोटं कुणापासून लपलेलं असतं का? भिंती मातीच्या होत्या तेव्हाही नव्हतं, चिऱ्याच्या झाल्या तेव्हाही नाही.

मला खरी भीती वाटते ती गजालीची, म्हणजे गावगप्पांची. गजालीन खाल्लो घोव, गप्पांनी नवरा खाल्ला, असं आम्ही हसत म्हणतो. इथे गजाल बायकोला खाते. तिने बचत गटात जीव मोकळा केला आणि संध्याकाळपर्यंत ते सासूच्या कानावर गेलं, तर त्या गटाने तिचं नुकसानच केलं. वाडी जागी असायला हवी, पण तपशील दोघी-तिघींच्या पलीकडे जाता कामा नये. हे कठीण आहे, मान्य. कायद्याने दर नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यायची असते. ती बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती होते. ती खरोखर घेतली तर तिथे कुणाच्या घरात काय चाललंय हे बोलू नये. कोण सोबत जाईल, कुणाच्या घरी एक रात्र झोपायला जागा आहे, संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर कुणाकडे आहे, एवढंच ठरवावं.

गेल्या मे महिन्यात माझ्या बायकोच्या गटात हेच ठरवायला बसल्या होत्या. नंबर मिळाला. झोपायला तीन घरं निघाली, त्यांतलं एक आमचं. वही कुणाकडे राहील तेही ठरलं. अडलं ते गाडीपाशी. शेवटची एसटी साडेसहाला जाते, आणि रात्री तालुक्याला न्यायला वाडीत रिक्षा एकच. रिक्षावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, कधीही हाक मारा, पैसे नकोत. मग थोडं थांबून त्याने विचारलं, पण घर आमच्या भावकीतलं असलं तर?

त्याला उत्तर कुणी दिलं नाही. दुसरी रिक्षा शोधायचं काम माझ्याकडे आलंय.